चेहऱ्याची ठेवण, जबड्याचे हाड आणि हिरड्यांची जाडी: ब्रेसेस लावण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की पुण्यातल्या दवाखान्यांत दात सरळ करून घेण्यासाठी येणाऱ्या मुलामुलींची गर्दी वाढते, आणि अलीकडे त्यांच्या बरोबरीने तिशी-चाळिशीतली मंडळीही येऊ लागली आहेत. तपासणीनंतर एखाद्याला ‘तुमचा चेहरा उभट आहे, पुढचे हाड पातळ आहे, जरा जपून करावे लागेल’ असे सांगितले, की दातांच्या तक्रारीत चेहऱ्याचा विषय कुठून आला, असा प्रश्न बहुतेकांना पडतो. त्या प्रश्नाची आणि त्याला जोडून येणाऱ्या इतर प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

चेहऱ्याची ठेवण म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारे तज्ज्ञ, नेमके काय पाहतात?

बोलण्याच्या ओघात आपण गोल चेहरा, लांबोडा चेहरा असे म्हणतो, तेव्हा गाल, केस, हनुवटीखालची चरबी हे सगळे त्यात मिसळलेले असते. ऑर्थोडॉन्टिस्टला मात्र हाडांचा सांगाडा हवा असतो आणि तोही मुख्यतः बाजूने पाहिलेला. त्यासाठी डोके ठरावीक स्थितीत धरून बाजूने एक्स-रे काढतात, त्याला सेफॅलोग्राम म्हणतात. त्यावर कवटीच्या तळाची रेषा आणि खालच्या जबड्याच्या कडेची रेषा यांच्यातला कोन मोजतात. हा कोन सरासरी ३२ अंशांच्या आसपास असतो. तो बराच वाढला, म्हणजे खालचा जबडा खाली आणि मागे उतरत गेला, की चेहरा उभट होतो. तो पंचविशीच्या आसपास किंवा त्याखाली आला, तर जबडा जवळजवळ आडवा असतो आणि चेहऱ्याचा खालचा भाग बुटका, रुंद दिसतो. चेहऱ्याची मागची उंची आणि पुढची उंची यांचे गुणोत्तरही काढतात. मध्यम ठेवणीत मागची उंची पुढच्या उंचीच्या साधारण ६२ ते ६५ टक्के भरते.

हे आरशात पाहून घरच्या घरी कळू शकत नाही का?

अंदाज येतो, निदान होत नाही. ओठ सहज मिटलेले न राहणे, ते मिटताना हनुवटीवर सुरकुत्या पडणे, हसताना वरची हिरडी बरीच दिसणे या उभट ठेवणीच्या खुणा आहेत, परंतु गुबगुबीत गालांच्या मुलीचा सांगाडा उभट निघतो आणि सडपातळ, लांबट दिसणाऱ्या मुलाचा कोन अगदी मध्यम निघतो, हे नेहमीच दिसते.

उभट चेहऱ्याच्या माणसाचे हाड पातळ असते, असे का म्हणतात?

येथे दोन गोष्टी एकत्र येतात आणि दोन्ही नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट चावण्याच्या स्नायूंची. हाड स्वतःवर पडणाऱ्या भारानुसार घडते, हा विचार जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली सविस्तर मांडला आणि तो, काही दुरुस्त्यांसह, आजही मानला जातो. आडव्या ठेवणीच्या चेहऱ्यात चावण्याचे स्नायू जाड आणि जोरकस असतात, त्यांची ओढही सोयीच्या दिशेने पडते, त्यामुळे चावण्याचा दाब अधिक असतो. उभट ठेवणीत हे स्नायू तुलनेने बारीक असतात. दाब कमी म्हणून हाडाचे बाहेरचे कठीण कवच पातळ, असा हा संबंध आहे. स्नायू आधी की ठेवण आधी, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मते दोन्ही एकमेकांना घडवत जातात.

दुसरी गोष्ट दातांच्या उगवण्याची. वाढीच्या वयात खालचा जबडा खाली उतरत गेला, की वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून दूर जातात. ती पोकळी भरून काढण्यासाठी दात आणखी वर उगवत राहतात आणि आपल्याभोवतीचे हाड बरोबर ओढून नेतात. कणकेची सुरळी तेवढ्याच पिठात लांबवत नेली, की ती बारीक होत जाते; खालच्या पटाशीच्या दातांभोवतीचे हाड असेच उंच आणि अरुंद होते. हनुवटीचे हाडही उंच पण चिंचोळे दिसते. म्हणूनच उभट चेहऱ्यात सगळ्यात जास्त काळजी खालच्या समोरच्या चार दातांची घ्यावी लागते. या दातांच्या पुढचे हाड सर्वसाधारण माणसातही पुष्कळदा एक मिलीमीटरपेक्षा कमी जाडीचे असते; उभट ठेवणीत ते पुढूनही आणि जिभेच्या बाजूनेही आणखी बारीक असण्याचा संभव वाढतो. १९९६ साली चेस्टर हँडलमन या अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्टने नेमके हेच दाखवून दिले, की पुढच्या दातांच्या मुळांना हलायला किती जागा आहे हे पुढच्या-मागच्या हाडी भिंती ठरवतात आणि उभट ठेवणीत ही गल्ली फार अरुंद असते.

मुलाने लहानपणापासून भाकरी, ऊस, चणे असे चावून खाल्ले तर जबडा रुंद आणि हाड जाड होईल का?

वाढीच्या वयात चावण्याचा परिणाम हाडावर होतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. मऊ खाद्यावर वाढवलेल्या प्राण्यांचे जबडे अरुंद आणि हाड कमी भरीव राहते. त्यामुळे मुलांना चावून खायला लावणे केव्हाही चांगले. पण आईवडिलांकडून आलेली ठेवण उसाच्या कांड्यांनी बदलत नाही, आणि विशीनंतर तर नाहीच. त्याऐवजी मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत घोरत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. नाकामागे वाढलेल्या ॲडिनॉइडमुळे तोंड उघडे राहते, जीभ खाली बसते आणि चेहरा उभट होत जाण्यास हातभार लागतो.

हिरडी जाड आहे की पातळ, हे कसे ठरवतात?

सर्वांत सोपी रीत अशी, की खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत हलकेच घालून पाहायची. हिरडीतून ती सळई आरपार दिसली तर हिरडी पातळ, म्हणजे ढोबळमानाने एक मिलीमीटर किंवा त्याहून कमी. दिसली नाही तर जाड. याला अर्धे मिनिट लागते आणि दुखतही नाही. नेमका आकडा हवा असेल तर जागा बधिर करून बारीक सुई टोचून मोजता येते, किंवा अल्ट्रासाउंडनेही मोजता येते.

जाडीबरोबरच हिरडीचा घट्ट, फिकट गुलाबी, न हलणारा पट्टा किती रुंद आहे, हेही पाहिले जाते. पातळ हिरडीची कड कमानीसारखी खोल वळणाची असते आणि दात सहसा त्रिकोणी, लांबट दिसतात. जाड हिरडीची कड सपाट आणि दात चौकोनी असतात. पूर्वी याला ‘बायोटाइप’ म्हणत. २०१७ साली शिकागो येथे अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संस्थांची जी संयुक्त परिषद झाली, तिने ‘फेनोटाइप’ हा शब्द वापरावा आणि त्यात हिरडीची जाडी, घट्ट पट्ट्याची रुंदी व खालच्या हाडाची जाडी या तिन्हींचा विचार करावा, असे सुचवले. शब्द बदलण्यामागे अर्थ आहे: फेनोटाइप परिस्थितीने आणि उपचाराने बदलू शकतो, तो जन्माबरोबर शिक्का मारून आलेला नसतो.

म्हणजे चेहरा उभट असेल तर हिरडीही पातळच असणार?

नाही, आणि हा गैरसमज रुग्णांइतकाच काही दंतवैद्यांतही आढळतो. चेहऱ्याची ठेवण आणि हाडाच्या कवचाची जाडी यांचा संबंध अनेक अभ्यासांत बऱ्यापैकी सातत्याने दिसतो. चेहरा आणि हिरडीची जाडी यांच्याबाबत तसे म्हणता येत नाही; काही अभ्यासांत उभट ठेवणीबरोबर पातळ हिरडी अधिक आढळली, काहींत फरक अगदी किरकोळ निघाला, तर काहींत निघालाच नाही. हिरडीची जाडी दात कमानीत कोठे उभा आहे यावरही अवलंबून असते. गर्दीमुळे ओळीच्या बाहेर ढकलल्या गेलेल्या सुळ्यावरची हिरडी पातळ असते आणि शेजारच्याच, आत वळलेल्या दातावरची जाड असते, मग चेहरा कसाही असो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९पासून अध्यापन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी त्यापूर्वी बर्लिनमध्ये डॉक्टरेटसाठी मानवी कवट्यांच्या असमानतेचा अभ्यास केला होता, आणि वंशावरून कवटीची ठेवण ठरते हे तिथे अपेक्षित असलेले अनुमान त्यांच्या मोजमापांतून निघाले नाही, तेव्हा त्यांनी तसे लिहिले. विषय अगदी वेगळा आहे, पण चेहऱ्याकडे पाहून आतल्या गोष्टींविषयी ठाम विधान करण्याचा मोह होतो तेव्हा मला हे हटकून आठवते. चेहरा पाहून शंका घ्यावी. निर्णय मात्र ज्या दाताला हलवायचे आहे त्या दाताजवळचे हाड आणि हिरडी पाहूनच घ्यावा.

पातळ हाडात दात पुढे सरकवले तर नेमके काय होते?

दात हलतो तेव्हा दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि ओढीच्या बाजूला नवे तयार होते. मूळ हाडाच्या आतच राहिले तर हा हिशेब जुळतो. मूळ पुढच्या कवचाला टेकले आणि तरीही ओढ चालू राहिली, तर पुढे नवे कवच सहसा तयार होत नाही. मग मुळाच्या मध्यभागी हाडात खिडकीसारखे भोक पडते किंवा हिरडीच्या काठापासून खाली चीर जाते.

अशी चीर पडली म्हणून हिरडी लगेच उतरते असे नाही. जाड हिरडी खाली हाड नसतानाही वर्षानुवर्षे जागेवर राहते. पातळ हिरडीला मात्र किटणाची सूज किंवा रोजचे घासून ब्रश करणे एवढेही पुरते. ती खाली सरकते, मूळ उघडे पडते, थंड पाण्याने कळ येते आणि आरशात तो एकच दात लांब दिसू लागतो. पातळ हाड, पातळ हिरडी, दात पुढे झुकवण्याची गरज आणि अस्वच्छता या चारही गोष्टी एकत्र आल्या, तर धोका खरा आहे. चौघींपैकी एकच असेल, तर घाबरण्याचे कारण नसते.

मग अशा माणसाने ब्रेसेस लावूच नयेत का?

जरूर लावाव्यात, फक्त योजना वेगळी आखावी लागते. बलाचे प्रमाण हलके ठेवायचे, खालचे पुढचे दात शक्यतो आहेत तिथेच सरळ करायचे, वाकडेपणासाठी लागणारी जागा दात पुढे झुकवून न मिळवता दुसऱ्या मार्गाने मिळवायची, आणि दर तीन-चार महिन्यांनी हिरडीची पातळी मोजून नोंदवायची. उपचारापूर्वीचे जवळून काढलेले फोटो फार उपयोगी पडतात, कारण हिरडी आधीपासूनच उतरलेली होती की नंतर उतरली, हा वाद त्यांच्यावाचून सुटत नाही.

आम्हाला चार उपदाढा काढायला सांगितल्या आहेत. त्या न काढता होणार नाही का?

‘चांगले दात कशाला काढायचे’ ही प्रत्येक घरातली पहिली प्रतिक्रिया असते आणि ती रास्तही आहे. गर्दी थोडी असेल तर दातांच्या बाजू कागदाइतक्या घासून, म्हणजे एका बाजूला पाव मिलीमीटरपर्यंत, पुरेशी जागा मिळू शकते. गर्दी जास्त असेल आणि हाड-हिरडी दोन्ही जाड असतील, तर कमान थोडी रुंद करून भागवता येते. पण उभट चेहरा, बाहेर आलेले ओठ आणि पातळ हाड असताना दात न काढण्याचा हट्ट धरला, तर ते सगळे दात पुढेच झुकतात, कारण मागे जायला त्यांना जागा नसते. अशा वेळी उपदाढा काढणे हाच हाडाला जपणारा मार्ग ठरतो. त्यातही दात फार मागे ओढता येत नाहीत, कारण जिभेच्या बाजूची भिंतही तितकीच बारीक असते. जबड्यांतली तफावत मोठी असेल तर केवळ दात हलवून ती झाकण्याऐवजी जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विचार प्रामाणिकपणे मांडावा लागतो.

प्रत्येकाने सीबीसीटी काढावी का?

नाही. सीबीसीटीत, म्हणजे दात-जबड्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, हाड तिन्ही मितींत दिसते हे खरे, पण तिच्यात साध्या दंत एक्स-रेपेक्षा किरणोत्सर्ग जास्त असतो आणि वाढत्या वयाच्या मुलांत तो विनाकारण देऊ नये. सेफॅलोग्राममध्ये खालचे पुढचे हाड चिंचोळे दिसले, बोटाने चाचपताना मुळांचे उंचवटे हाताला लागले किंवा दात बराच हलवायचा असला, तर ती काढावी. आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी: फार पातळ हाड, साधारण अर्ध्या मिलीमीटरच्या आतबाहेरचे, नेहमीच्या प्रतिमेत उमटतच नाही. त्यामुळे अहवालात ‘हाड नाही’ असे लिहिले, तरी प्रत्यक्षात तिथे पापुद्र्याएवढे हाड असू शकते. अहवाल वाचून रात्रभर जागू नये.

आमचा चेहरा आडवा, भरदार आहे. आम्हाला काहीच काळजी नाही ना?

हाडाच्या दृष्टीने तुम्ही सुखी आहात. परंतु जाड, दाट हाडात दात सावकाश सरकतात, वरचे दात खालच्या दातांना झाकून टाकणारा खोल चावा अशा चेहऱ्यात अधिक आढळतो, आणि जोरदार चावण्याने ब्रॅकेट, म्हणजे दातांवर चिकटवलेले तारेचे आधार, तुटतात. जाड हिरडी सहसा उतरत नाही. ती सुजते आणि दाताभोवती खिसे तयार होतात, जे आरशात दिसत नाहीत. म्हणून सफाईतून सुटका कोणालाच नाही.

मिनी स्क्रूचा आणि चेहऱ्याचा काय संबंध?

दात ओढण्यासाठी आधार म्हणून हाडात १.२ ते २ मिलीमीटर व्यासाचा छोटा स्क्रू बसवतात. तो हाडाच्या बाहेरच्या कवचावर तग धरतो आणि हे कवच किमान एक मिलीमीटर असेल तर बरे. २००३ साली जपानमध्ये झालेल्या एका अभ्यासात जबड्याचा कोन जास्त असलेल्या रुग्णांत आणि स्क्रूभोवती सूज असलेल्या रुग्णांत स्क्रू अधिक प्रमाणात सैल झाले. उभट ठेवणीत त्यामुळे जागा विचारपूर्वक निवडतात. टाळूचे हाड पुष्कळदा अधिक भरवशाचे ठरते. स्क्रू सैल झाला तर तो काढून दुसरीकडे बसवतात, त्यात फार मोठे नुकसान नसते.

लग्न सहा महिन्यांवर आहे. तोपर्यंत दात सरळ होतील का?

दात साधारणपणे महिन्याला एक मिलीमीटरच्या आसपास सरकतो आणि पूर्ण उपचाराला दीड ते दोन वर्षे लागतात. सहा महिन्यांत समोरचे दात ओळीत दिसू शकतात, पण घाईत ते बहुतेक वेळा पुढे झुकवूनच ओळीत आणलेले असतात. जाड हाडात हे एक वेळ खपून जाते. पातळ हाड असलेल्या मुलीला मी स्पष्ट सांगतो, की फोटो ब्रेसेससकट काढा, नाहीतर दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट लावा, पण तारखेसाठी हिरडी पणाला लावू नका. यावर घरातली वडीलधारी मंडळी नाराज होतात, याची मला सवय झाली आहे.

पातळ हिरडी जाड करता येते का?

येते. टाळूवरून थोडी ऊती घेऊन ती पातळ जागी बसवतात. हे काम हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, करतात. टाळूवरची जखम भरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. दात आणखी पुढे न्यायचाच असेल तर कलम आधी करणे शहाणपणाचे. मात्र दात आधीच ओळीबाहेर असेल आणि उपचारात तो आत जाणार असेल, तर थांबावे. मूळ हाडाच्या आत परतले की हिरडी पुष्कळदा आपोआप जाड होते आणि शस्त्रक्रिया वाचते. हाडाला छेद देऊन त्यावर हाडाची भुकटी भरण्याची पद्धतही आहे, पण ती मोठी शस्त्रक्रिया असून मोजक्याच रुग्णांना लागते.

घरात मिश्री लावण्याची सवय आहे. तिचा काही परिणाम होतो का?

होतो. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू बोटाने रोज हिरड्यांवर चोळली जाते. चोळण्याने हिरडी झिजते आणि तंबाखूमुळे तिचा रक्तपुरवठा व भरून येण्याची शक्ती घटते. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. मिश्री चालू असताना पातळ हिरडीवर ब्रेसेस लावू नयेत. खरखरीत दंतमंजन आणि कडक ब्रश हेही बाजूला ठेवावेत.

अलाइनर लावले तर हा धोका टळतो का?

नाही. तार असो वा पारदर्शक साचा, दात हाडाबाहेर नेला तर परिणाम तोच. अलाइनर काढून दात नीट घासता येतात, एवढा फायदा नक्की आहे. संगणकावरच्या आराखड्यात दात सुरेख सरकताना दिसतात, पण पुष्कळ आराखड्यांत फक्त दाताचा वरचा भाग खरा असतो आणि मुळे अंदाजाने काढलेली असतात. मुळे आणि हाड प्रत्यक्ष तपासले आहे का, हे विचारावे.

ब्रेसेस निघाल्यावर तरी काळजी संपते का?

सरळ झालेले दात जागेवर राहावेत म्हणून पुढच्या दातांमागे चिकटवलेली रिटेनरची तार वाकली किंवा एका बाजूने सुटली, तर ती गुपचूप एखाद्या दाताचे मूळ हाडाबाहेर ढकलू शकते, आणि रुग्णाला वर्ष-दीड वर्षाने एकच दात वेगळा दिसतो तेव्हा ते कळते. पातळ हाड असणाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी ती तपासून घ्यावी.

पुण्यात कोणाकडे जावे आणि बरोबर काय न्यावे?

पदवीनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचे एम.डी.एस. केलेल्या डॉक्टरांकडे जावे, आणि हिरडीची शंका असेल तर पेरिओडॉन्टिस्टचेही मत घ्यावे. शहरात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये अनेक दंत महाविद्यालये आहेत. तिथे हे दोन्ही विभाग एकाच छताखाली असतात. वेळ जास्त जातो, पण दोन्ही तज्ज्ञ एकच एक्स-रे समोर ठेवून बोलतात, ही सोय खासगी दवाखान्यात सहज मिळत नाही. जाताना आधीचे ओपीजी (सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे), सेफॅलोग्राम आणि दातांचे साचे न्यावेत. पाच-दहा वर्षांपूर्वीचा, दात दिसतील असा मोकळेपणाने हसतानाचा एखादा फोटोही न्यावा. हिरडी तेव्हा कुठे होती आणि आता कुठे आहे, हे त्यावरून पाहता येते.